धावण्याला गुण देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवा जरा गार झाली की रविवारी सकाळी फोर्टात, शिवाजी पार्कवर, जुहूच्या वाळूत एकसारखे टी-शर्ट घातलेले घोळके दिसू लागतात. कंपन्या, महाविद्यालयं, गृहनिर्माण सोसायट्या आपल्या माणसांसाठी सांघिक खेळ ठेवतात: ठिकठिकाणी जाऊन कोडी सोडवायचा खजिनाशोध, नाहीतर मैदानावरचे किंवा किनाऱ्यावरचे खेळ. हौस चांगलीच आहे. आखणी मात्र बहुतेक वेळा रिसॉर्टच्या हिरवळीवर शोभेल अशी असते आणि ती जशीच्या तशी मुंबईच्या रस्त्यावर उतरवली जाते. 'जो गट आधी पोहोचेल तो जिंकला' हा त्यातला सर्वांत घातक नियम.

घड्याळावर बक्षीस लावलं की एरवी शहाणीसुरती माणसं हुतात्मा चौकात लाल दिव्याला रस्ता ओलांडतात आणि चालती लोकल पकडतात. सुरुवातीला कितीही 'जपून हं' म्हणा, गुणांचा तक्ता उलटंच सांगत असतो. म्हणून आधी तक्ता बदलावा. बरोबर उत्तराला १० गुण, गटातले सगळे एका चौकटीत दिसतील अशा फोटोला ५, सिग्नल मोडल्यास उणे २०. शेवटच्या ठिकाणी साडेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान यायचं. आधी येणाऱ्याला जास्तीचं काही नाही, उशिरा येणाऱ्याचे मिनिटाला २ गुण कापायचे. ही कपात मात्र १०च्या पुढे नेऊ नये. उशिराचा दंड सिग्नलच्या दंडाहून मोठा झाला, तर शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा तीच धावाधाव. सिग्नलवर लक्ष ठेवायला मोठ्या चौकात एक स्वयंसेवक उभा हवाच, नाहीतर उणे २० कागदावरच राहतात.

गट पाच जणांचे करावेत. पाच जण एका सिग्नलमध्ये एकत्र ओलांडतात. आठ जणांतले तिघे पलीकडे जातात आणि पाच अलीकडे राहतात. शिवाय आठांच्या गटात कोडं दोघे-तिघेच सोडवतात, बाकीचे मोबाइल बघत मागून येतात. चाळीस जण असतील तर आठ गट, आठ ठिकाणं, आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणापासून. सगळ्यांना एकाच क्रमाने सोडलं की मागचे गट पुढच्यांच्या पाठीकडे बघून चालतात.

वेळेचा हिशेब लोक हमखास चुकवतात. एशियाटिक ग्रंथालयापासून हॉर्निमन सर्कल, फ्लोरा फाउंटन, काळा घोडा, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि ओव्हलच्या कडेने राजाबाई टॉवर, असा वळणावळणाने जाणारा मार्ग दोन-अडीच किलोमीटरचा धरा. चालायला पस्तीस-चाळीस मिनिटं, आठ ठिकाणी आठ-आठ मिनिटं म्हणजे चौसष्ट, सिग्नल, पाणी आणि रस्ता चुकणं यांची वीस. दोन तास भरले. यात आणखी चार ठिकाणं कोंबली की कोडी वाचलीच जात नाहीत.

कोडं असं हवं की उत्तर जागेवर गेल्याशिवाय मिळू नये. फ्लोरा फाउंटन १८६४चं, राजाबाई टॉवर १८७८चा, ही माहिती फोन दहा सेकंदांत देतो आणि गट चहाच्या टपरीवर बसून पत्रिका भरतो. त्याऐवजी काळ्या घोड्याच्या पुतळ्याचा कोणता पाय उचललेला आहे, हुतात्मा स्मारकातल्या दोन पुतळ्यांच्या अंगावर काय काय आहे, असं विचारावं. दुकानाच्या पाटीवर मात्र कोडं बेतू नये; पाटी बदलते, किंवा तिच्यावर शुभेच्छांचा फ्लेक्स चढतो. मुंबईत आज दिसणारी वस्तू उद्या हिरव्या जाळीआड जाते किंवा तिच्यापुढचा फुटपाथ खोदला जातो. म्हणून मार्गाची पाहणी त्याच वारी, त्याच वेळी एकदा, आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा करावी. प्रत्येक ठिकाणासाठी एक राखीव कोडं खिशात असू द्यावं. सेंट थॉमस कॅथेड्रल, हे १७१८चं चर्च, कोड्यासाठी फार मोहात पाडतं. पण रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, तेव्हा त्याला बाहेरूनच नमस्कार.

खजिन्याची पेटी, सीलबंद पाकीट, झुडपात दडवलेली पिशवी हे प्रकार या शहरात करूच नयेत. बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना कळवा, असं मुंबईकराच्या कानावर रोज घातलं जातं आणि तो कळवतोही. मग बॉम्बशोधक पथक येतं आणि खेळ तिथेच संपतो. चिठ्ठी माणसाच्या हातात असावी. उच्च न्यायालय, मंत्रालय, नौदलाची गोदी यांच्या आसपास फोटोचं काम देऊ नये. जमावबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात, त्यामुळे मार्गाचा नकाशा, वेळ, माणसांची संख्या आणि दोन फोन नंबर लिहून स्थानिक पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्यावा आणि शिक्का मारलेली प्रत बरोबर ठेवावी. मैदानासाठी परवानगी वेगळी. शिवाजी पार्क २०१०पासून शांतता क्षेत्र आहे. तिथे ध्वनिक्षेपक आणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं याचं नवल वाटतं. रंगीत झेंड्यांवर काम उत्तम भागतं.

सुरुवात साडेसातला करावी. उन्हाचं कारण आहेच, पण मोठं कारण रेल्वेचं आहे. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं किंवा वळवणं, साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. येताना सगळे सुखरूप येतात आणि परतताना अडकतात. माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला तर धीम्या गाड्या जलद मार्गावरून जातात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत. पावणेदहाला खेळ संपला तर नाश्ता करूनही माणूस वेळेत गाडीत बसतो. जानेवारीतला तिसरा रविवार मॅरेथॉनचा, तो सोडावा.

मार्ग ठरवताना नकाशावर पहिली खूण ठेवायची ती स्वच्छतागृहांची. सुरुवातीला, शेवटी आणि मध्ये एक, आणि तीही रविवारी सकाळी सातला उघडी असल्याचं स्वतः पाहून. हे न केल्यामुळे बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि नवाच्या उन्हात चक्कर येते. पाणी दोन तासांना माणशी एक लिटर; फेब्रुवारीनंतर दीड लिटर आणि सोबत ओआरएसची पाकिटं. बाटली ज्याची त्याने आणावी, भरायला वीस लिटरचे दोन जार पुरतात.

मैदानी खेळांत रस्सीखेच सर्वांना आवडते आणि सर्वांत जास्त दुखापत तीच करते. नायलॉनचा दोर ताणतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. सुताचा किंवा तागाचा, दहा ते साडेबारा सेंटिमीटर घेराचा दोर घ्यावा; स्पर्धेचं मापही तेच आहे. हाताला दोराचा वेढा कोणी घेऊ नये, आणि हरणाऱ्या बाजूने एकदम दोर सोडू नये, कारण समोरचे आठ जण पाठीवर पडतात. साखळीच्या खेळात, जिथे हात धरून पळतात, चारांहून जास्त जण नकोत. टोकाचा माणूस वळणावर अक्षरशः फेकला जातो. लगोरीला टेनिसचा चेंडू पुरे. लंगडी आणि खो-खो चाळिशीपुढच्या गुडघ्यांना न विचारता ठेवू नयेत. आणि आझाद मैदान असो की ओव्हल, शेजारच्या क्रिकेटचा चेंडू कुठूनही येतो. एक माणूस फक्त तिकडे तोंड करून उभा हवा.

समुद्रकिनाऱ्याचं एक गणित फार थोडे आयोजक करतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. गेल्या रविवारी सकाळी आठला ओहोटी पाहून जुहूला मैदान आखलं असेल, तर या रविवारी आठला तिथे भरतीचं पाणी असतं. पाहणी करायचीच तर पंधरा दिवस आधी करावी, आणि वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच पक्की करावी. ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करून नंतर तासाभरात आवरावं. अक्सा किनारा मुळीच निवडू नये. तिथल्या पाण्याच्या ओढीने अनेकांचे जीव घेतले आहेत.

आपल्या दैनिकात शनिवारी मेगाब्लॉकची माहिती येते. तिच्याच शेजारी रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि कार्यक्रमांसाठी बंद असलेले रस्ते व मैदानं यांची चार ओळींची चौकट छापता येईल का? आणि महापालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयाच्या फलकावर मैदानाच्या परवानगीसाठी अर्ज कोणाकडे, किती दिवस आधी आणि किती अनामत रकमेसह द्यायचा, एवढं तरी मराठीत लावावं.

आपले,
सांघिक खेळांची आखणी करणारे काही जण
दादर, मुंबई