चि. मुक्ताला पत्र: ‘मशिनेरियम’ खेळून झाल्यावर

औसा, जि. लातूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेला ‘मशिनेरियम’ हा कोड्यांचा व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळलो. तुझा गेमही त्याच धर्तीवर करायचा म्हणतेस, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो आम्हाला खेळता आला. त्यातली पात्रं बोलतच नाहीत. डोक्यावर फुगा येतो, त्यात चित्र हलतं, की कळलं. चेक देशातल्या याकुब द्वोर्स्की आणि त्यांच्या अमानिता डिझाइनच्या मंडळींनी 2009 साली केलेला गेम, पण तुझ्या आईला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. त्यातला आपला रोबो म्हणजे जोसेफ. त्याला नुसतं उभं ठेवलं की त्याला त्याच्या मैत्रिणीसोबतचे, बर्टासोबतचे जुने दिवस आठवतात. आई तिथं मला पुढं जाऊच द्यायची नाही.

चित्रं हातानं काढलेली आहेत, आणि काढणाऱ्यानं गंज नीट बघितलाय. बोअरमधून वर ओढलेल्या पंपावर असतो तसाच थरावर थर चढलेला.

आता कोड्यांचं. सुरुवातीलाच पुलावरच्या पहारेकऱ्याला चकवायचं असतं. जोसेफ रस्त्यावरचा शंकू निळ्या रंगात बुडवतो, वर बल्ब बसवतो, झाली टोपी! मला फार आनंद झाला बघ. वेळेला पार्ट मिळत नाही, शेतकरी दारात उभा, मग हाताशी आहे त्यातूनच भागवायचं, हे आम्ही मोटारी दुरुस्त करणारे वाइंडिंगवाले रोज करतो. जोसेफचं अंग लांब-आखूड होतं आणि हात पोचेल तेवढ्याच वस्तूला त्याला हात लावता येतो, हेही मला पटलं. त्यामुळं चालणं मात्र लई होतं. एवढंसं बघायला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा.

खरी खोट वेगळीच आहे. एका बारमध्ये एक रोबो पाच सोंगट्या एका ओळीत लावायचा डाव मांडतो. डाव चांगला आहे, पण उचलून दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये ठेवला तरी चालेल. पुढं पुढं अशी कोडी वाढतात. पॅनल उघडलं की वायर कुठून कुठं गेलीय ते बघून फॉल्ट सापडावा, ही माझी अपेक्षा. तिथं मात्र नुसतं जुळवाजुळवीचं कोडं निघतं आणि त्या यंत्राचं काय बिघडलं होतं ते कळतच नाही. अडलं तर उत्तराची वही आहे, पण ती उघडायला आधी गोळीबाराचा छोटा खेळ जिंकावा लागतो. आईनं तिथं फोन खाली ठेवला. विचार करून दमलेल्या माणसाकडून बोटांची चपळाई कशाला मागायची?

तुझ्या गेममधल्या कापसाच्या जिनिंगच्या खोलीत दाराला आकड्यांचं कुलूप ठेवलंयस ना, ते काढ. तिथं थ्री फेजची मोटार ठेव. एक फेज, म्हणजे तीनपैकी एका तारेतली वीज, गेला की ती जागेवरच गुणगुणते, फिरत नाही. तो आवाज खेळणाऱ्याला ऐकू दे. मग त्यानं स्टार्टर उघडावा, उडालेला फ्यूज शोधावा, मोटार फिरवावी. पट्टा फिरला की दार आपोआप वर जाऊ दे. दुकानात जुना स्टार्टर पडलाय, त्याचे आतून-बाहेरून फोटो उद्या पाठवतो. कुठल्या कोनातून हवेत ते कळव.

तुझे पप्पा