चकाकीपेक्षा यंत्रणा जपावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या वॉशिंग मशीनचे पुनरुज्जीवन म्हणजे ती घासूनपुसून, रंग देऊन दिवाणखान्यात मांडणे, असा समज रूढ होताना दिसतो. झळाळणाऱ्या टबाखाली जाम झालेला गिअरबॉक्स तसाच राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण या यंत्रांचे खरे मोल तिथेच आहे.

अमेरिकेतील मेटॅग कंपनीच्या १९२२ सालच्या ‘गायराफोम’ यंत्रात ॲजिटेटर, म्हणजे पाणी घुसळणारा पात्यांचा भाग, टबाच्या तळाशी बसवला गेला. आधीच्या अनेक यंत्रांत कपडेच पाण्यातून फिरवले जात. इथे पाणी कपड्यांमधून जोराने खेळू लागले. मोटर एकाच दिशेने फिरत राहते, ॲजिटेटर मात्र थोडा वळून पुन्हा मागे येतो, आणि हे साधणारी दातेरी चाकांची रचना गिअरबॉक्स उघडल्याशिवाय दिसत नाही. यंत्र अनेक दशके पडून राहिले असेल, तर आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. अशा वेळी ‘चालते का बघू’ म्हणून बटण दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यात चाकाचा दाता तुटला, तर ते चाक दुसऱ्या मोडक्या यंत्रातून मिळवावे लागते किंवा कुशल कारागिराकडून नव्याने घडवून घ्यावे लागते. आधी सगळे जुने ग्रीस काढावे, बेअरिंग आणि सील तपासावेत, चाके हाताने फिरवून पाहावीत आणि मगच मोटर जोडावी.

स्वच्छतेच्या उत्साहातही पुष्कळ नुकसान होते. ॲल्युमिनियमच्या टबाला कॉस्टिक सोडा लावला, तर तो धातूच खाऊन टाकतो. एनॅमलवर, म्हणजे धातूवरच्या काचेसारख्या लेपावर, सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) केले, तर गेलेला थर साध्या रंगाने परत येत नाही. तो पुन्हा चढवायला सुमारे ८०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. त्यापेक्षा उडालेले टवके तसेच राहू द्यावेत, गंज मात्र थांबवावा, असे माझे मत आहे. लाकडी टबाच्या सुकून फटी पडलेल्या पट्ट्या पाणी भरून ठेवले की बहुधा फुगून पुन्हा घट्ट बसतात. तिथे फटींत लांबी (पुट्टी) भरण्याची घाई नको.

सगळे काही मूळचेच ठेवावे, हा काही संग्राहकांचा आग्रह मला विजेच्या बाबतीत मान्य नाही. त्या काळच्या वायरींवरचे रबर आणि कापड हात लावताच गळून पडते, पुष्कळ यंत्रांना अर्थिंग नसते, आणि काम ओल्या हातांनीच करायचे असते. वायरिंग नवे करावे, अर्थिंग द्यावे आणि काढलेली जुनी वायर चिठ्ठी लावून जपून ठेवावी. कपडे पिळणाऱ्या रोलरांबाबतही हाच न्याय लावावा. या रोलरांत बोटे आणि हात सापडून गंभीर दुखापती झालेल्या आहेत. म्हणून रोलरांवरचा दाब झटक्यात सोडणारी कळ नीट चालत नसेल, तर यंत्र कितीही सुंदर दिसत असले तरी कोणाला चालवून दाखवू नये.

ज्यांच्या घरी अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिका किंवा सुट्या भागांच्या याद्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यातील आकृत्यांवरून कोणता स्क्रू कुठला, हे कळते. दुरुस्ती करणाऱ्यांनीही काय बदलले आणि काय मूळचे ठेवले, याची नोंद यंत्रासोबत ठेवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक