रीसेट मारायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा काल रात्रीचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, त्यातल्या शिव्या तुझ्या स्मार्ट स्पीकरच्या (तोच, वायफायवर चालणारा आणि बोललेलं ऐकून गाणं लावणारा) खात्यात जमा केल्यात, आणि उरलेल्या मजकुरातून एवढं कळलं की गाणं दीड-दोन मिनिटं नीट वाजतं, मग गप्प, मग काही वेळाने आपलं आपणच सुरू होतं आणि तू आता वैतागून फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळी सेटिंग पुसून तो नव्यासारखा करायला निघालायस. थांब रे बाबा. मी ते तीनदा करून बसलोय. दरवेळी वायफायचा पासवर्ड शोधा, अकाउंट परत जोडा, यात संध्याकाळ गेली आणि दुसऱ्या दिवशी गाणं परत अडकलं ते अडकलंच.

तू म्हणतोस फोनवर नेट झकास चालतंय मग नेटचा दोष कसा असेल. इथेच मीपण फसलो होतो! वायफायवरून गाणं स्पीकरवर लावलंस की बहुतेक वेळा फोन नुसता रिमोट असतो, गाणं स्पीकर स्वतः नेटवरून ओढतो. पटत नसेल तर गाणं लाव आणि फोन सरळ स्विच ऑफ कर, गाणं चालू राहील. ब्लूटूथवर असशील तर मात्र लगेच बंद पडेल, कारण तिथे फोनच गाणं पाठवत असतो. म्हणजे फोनवर नेट कसंय यावरून काही ठरत नाही, स्पीकर ठेवलाय त्या जागी वायफाय पोचतं का ते बघायचं. आणि तेच गाणं ब्लूटूथवर अर्धा तास न थांबता वाजलं तर स्पीकर ठणठणीत आहे समज, उगाच त्याला बडवू नकोस.

स्पीडचा प्लॅन वाढवायच्या भानगडीत तर पडूच नकोस. चांगल्या क्वालिटीचं गाणं म्हणजे सेकंदाला साधारण ३२० किलोबिट (केबीपीएस), म्हणजे नेटच्या प्लॅनवर लिहितात त्या एमबीपीएसमध्ये अर्धासुद्धा नाही. स्पीड कमी पडत नाही रे, सिग्नल मधेच तुटतो. माझ्याकडे काय होतं सांगू? रोज संध्याकाळी गाणं थांबायचं, बरोबर दोन मिनिटं, आणि मायक्रोवेव्हची टिंग वाजली की परत सुरू. हे लक्षात यायला मला महिना लागला, हसू नकोस. मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ लहरींच्या पट्ट्याच्या आसपास, ब्लूटूथही तिथेच, सगळी गर्दी. मी स्पीकर राउटरच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकला आणि कटकट मिटली. पण ५ वालं भिंतीपलीकडे लवकर दम टाकतं, त्यामुळे तुझा राउटर दोन खोल्या लांब असेल तर २.४ वरच राहा, फक्त राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (त्या पट्ट्यातल्या छोट्या वाटा) १, ६, ११ यातला जो मोकळा असेल तो घे, आणि स्पीकर टीव्हीच्या मागून बाहेर काढ.

दुसरी शक्यता अकाउंटची. घरात कोणी तुझंच अकाउंट वापरून दुसरीकडे गाणं लावलं की तुझं बंद पडतं. पण तेव्हा ते आपोआप परत सुरू होत नाही, तुझं होतंय, म्हणून माझा संशय वायफायवरच आहे.

रीस्टार्टला माझी ना नाही. राउटरचा प्लग काढ, अर्धा मिनिट थांब, लाव, त्याचे दिवे स्थिर झाले की मगच स्पीकर चालू कर. घाईत दोन्ही एकदम लावतोस तू, माहितीये मला.

आणि मराठी गाणं सांगितल्यावर तो भलतंच लावतो हा बिघाड नाही, त्याला नाव नीट ऐकू येत नाही. एक प्लेलिस्ट बनव, तिला साधं दोन शब्दांचं नाव दे आणि तेच सांग. मी माझ्या यादीला 'जुनी गाणी' ठेवलंय, दहातून नऊ वेळा कळतं त्याला, दहाव्या वेळी मी ओरडतो.

आज फोन बंद करून बघ आणि काय झालं ते कळव. या वेळी व्हॉइस मेसेजमध्ये शिव्या कमी आणि लक्षणं जास्त सांग म्हणजे झालं.

तुझाच,
तीनदा रीसेट मारलेला