छत बसेपर्यंत

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मुद्द्याचं आधीच लिहिते, नाहीतर बाबा शेवटचं पान आधी वाचतील. डेन्मार्कमधलं जुन्या दगडी थडग्यांच्या दुरुस्तीचं काम मी आणखी दोन वर्षांसाठी घेतलं आहे. सही झाली. दिवाळीला येते आहे, पण सुट्टीपुरतीच. दादाशी बोलणं झालंय. बाबांच्या फिजिओथेरपीला तो नेईल, आई, तुझी शुगर तपासायला माणूस घरी येईल. स्वयंपाकाच्या मावशी आता संध्याकाळीही येतील. त्यांचे पैसे मी पाठवणार. आई, यावर वाद नको.

"पाच हजार वर्षं उभं असलेलं थडगं तुझ्यावाचून पडणार आहे का?" हे बाबांचं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. बाबा, पडणार आहे. ते ज्यामुळे उभं होतं, ते गेल्या दोनशे वर्षांत लोकांनी काढून नेलं.

इथल्या पॅसेज ग्रेव्ह, म्हणजे बोळातून आत जायची दगडी थडगी, साधारण इ.स.पू. 3300 ते 3100 मधल्या. हिमनदीने आणून टाकलेले मोठे धोंडे उथळ खड्ड्यांत उभे करायचे, किंचित आत झुकलेले, बुंध्याशी लहान दगड ठोकून. दोन धोंड्यांमधली फट पातळ चिपांनी, चुना-मातीशिवाय रचून भरायची. वर छताचे कित्येक टनांचे दगड, सपाट बाजू खाली. आत जायला बुटका बोळ. हे सगळ्यांना दिसतं. खरी हुशारी आहे ती मागे, मातीत. उभ्या धोंड्यांच्या पाठीशी दगड आणि चिकणमाती ठासून भरलेली असते. छतावर चपट्या फरशा बाहेरच्या बाजूला उतार देऊन, कवेलूंसारख्या एकावर एक चढवलेल्या. काही ठिकाणी भाजून फोडलेल्या चकमकीचा थर. आणि चिपांच्या थरांमध्ये भूर्जाची साल! पाणी लागू नये म्हणून घातलेली, आणि काही थडग्यांत अजून टिकलेली. तिच्यावरून रेडिओकार्बनने बांधकामाचा काळही काढता आला. छताच्या दगडांपेक्षा मला या सालीचंच जास्त कौतुक आहे.

म्हणजे प्रत्येक धोंडा दोन जोरांमध्ये तोललेला: वरून छताचं वजन, पाठीमागून भरावाचा रेटा. एकोणिसाव्या शतकात कुणी टेकाडाची माती शेतात पसरायला नेली, कुणी दगड रस्त्यासाठी फोडले, कुणी खजिन्यासाठी छताचा दगड उचकटला. वरची माती गेली की पाणी भरावात उतरतं. हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, चिपा बाहेर ढकलतं. एक चीप पडली की मागची माती कक्षात गळायला लागते. मग पाठीमागे पोकळी, मग धोंडा कलतो, आणि शेवटी छत सरकतं. झाडांची मुळं आणि बिळं करणारे बॅजर हेच काम जरा लवकर उरकतात.

दुरुस्ती म्हणून पूर्वी ठिकठिकाणी सिमेंट भरलं. ते हलत नाही आणि पाणी कोंडून ठेवतं, त्यामुळे शेजारचा जुना भाग आधी जातो. आता आम्ही प्रत्येक दगड मोजून, फोटो काढून, नंबर घालून उतरवतो. आतून लाकडी टेकू देतो, बाहेरून थोडाच भाग उकरतो आणि भराव पुन्हा ठासतो. दगड त्याच्या जुन्याच जागी. एक बाजू उघडी असताना हिवाळा लागला तर केलेलं सगळं वाया. म्हणून एका उन्हाळ्यात उरकत नाही आणि मधूनच दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, कारण कुठला दगड कसा बसला होता हे निम्मं हातालाच माहीत असतं. (तेवढ्यासाठी बाबा, गच्चीवरच्या भेगेत तुम्ही पुन्हा सिमेंट भरू नका. आणि शिडीवर तर चढूच नका. पाणी कुठून शिरतं ते गवंड्याला आधी बघू दे.)

मी इथे नीट आहे. घर ऊबदार आहे, तूरडाळ मिळते, आईचा गोडा मसाला मार्चपर्यंत पुरेल. आजारी पडले की आई, अजूनही तुझ्या हातचा मऊ भात आणि मेतकूटच आठवतं. ते सांगायला फोन करत नाही, कारण तू लगेच रडतेस.

जूनमध्ये तुम्ही दोघं यायचं. बाबा, तुम्हीच मला काटोल रोडवरची जुनापाणीची दगडी वर्तुळं दाखवलीत, आता माझी पाळी. म्योन बेटावरच्या 'काँग आस्गर्स होय' या थडग्याचा कक्ष सुमारे 10 मीटर लांब आहे, पण बोळातून पार वाकून जावं लागतं, आत चिखल असतो. त्या गुडघ्याने तुम्ही आत जायचं नाही. मी आतून फोटो काढीन, तुम्ही बाहेर आईजवळ बसा. त्याच बेटावर फानेफ्योर्ड चर्चजवळ 'ग्रोनसालन' हे थडगं आहे, सुमारे 100 मीटर लांब, कडेने दगड लावलेलं, गवतावरून आरामात चालत बघता येतं. मोल्समधलं पोस्केअर स्टेनहूस हे थडगंही उघड्यावरच आहे. त्याचं छत 11.5 टनांचं. त्याच धोंड्याचा दुसरा अर्धा भाग दोन किलोमीटरवरच्या आग्री इथल्या थडग्यावर आहे. आई, यावरून आपल्या दोघींवर लगेच काही बोलू नकोस.

कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात एग्टवेडची मुलगी आहे. ओकच्या खोडातली शवपेटी, झाड इ.स.पू. 1370 मध्ये तोडलेलं. मुलगी जेमतेम सोळा-अठराची. पेटीत यारो नावाचं रानफूल होतं, म्हणून ती उन्हाळ्यात गेली हे कळतं. पायाशी भूर्जाच्या सालीची बादली, तिच्यात मध आणि गहू घालून केलेलं पेय. कुणाची गं ही लेक, असं तू विचारणारच.

आता कामाचं. आईचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतो, तो याच महिन्यात नूतनीकरणाला द्या. दोघांनी रबरी तळव्याचे, घोट्यापर्यंत येणारे बूट घ्या आणि इथे येण्याआधी ते रोजच्या फिरण्यात घाला. बाबांची औषधं दोन बॅगांत विभागून, चिठ्ठी इंग्रजीत. रविवारी फोन करते तेव्हा ओरडायचं असेल तर ओरडा, पण दोघांनी एकाच वेळी नको, काही ऐकू येत नाही.

तुमची,
मनू