आजोबांच्या खांद्यावरचा डाग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वयोवृद्ध गृहस्थांच्या श्रद्धांजलीची चौकट होती. डोक्याला फेटा, नजर जराशी वर आणि डाव्या खांद्यावर काळपट डाग. वाचकांना तो छपाईचा दोष वाटला असेल. तसं नाही. तो त्यांच्या नातीचा मेंदीचा हात आहे. फोटो मीच काढलेला, लग्नाचा फोटोग्राफर मी. फोटोतून तिचा हात कापून काढताना बोटं तेवढी राहिली.

त्या नातीच्या भावाचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "दादा, आजोबा गेले. पेपरला द्यायला एखादा बरा फोटो निघेल का? घरात आधार कार्डावरचाच आहे." तिचं लग्न दोन वर्षांपूर्वीचं, दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवरचं. डिस्क लावली. हळद, लग्न, रिसेप्शन मिळून 3,400 फोटो. दीड वाजेपर्यंत बसलो तेव्हा आजोबा 9 फोटोंत सापडले. दोनांत पाठमोरे, तिनांत कडेला अर्धे कापलेले, दोनांत तोंडात घास, एकात डोळे मिटलेले. नववा तेवढा समोरून, स्टेजवरचा. त्यांच्या मागे एक पोरगं मध्येच घुसलं होतं, त्याला मी "ए, बाजूला हो" म्हणून ओरडलो आणि आजोबांना वाटलं, मी त्यांनाच म्हणालो. म्हणून त्यांनी वर पाहिलं. आपल्या पेपरात छापलेली नजर ती ही.

त्याच फोल्डरमध्ये नवरीच्या चपलांचे 22 फोटो होते. तेही मीच काढलेले.

मी 1996 पासून हा धंदा करतो. सुरुवातीला लग्नाला चार रोल ठरायचे. एका रोलात 36, म्हणजे सगळं लग्न 144 फोटोंत बसवायचं. रोल महाग, धुलाई महाग, म्हणून घरातला एखादा मामा नाहीतर थोरले काका दिवसभर माझ्या बाजूला उभे. "आता मोठ्या मावशींचा घ्या. त्या चारच्या गाडीनं जाणार आहेत." "आचाऱ्याचा कशाला घेता?" यादी त्यांच्या डोक्यात असायची. नवरा-नवरीचे दोघांचेच असे फोटो आठ-दहा, तेही लाजतलाजत. फार सुंदर फोटो यायचे असं मी म्हणणार नाही. फ्लॅशनं सगळ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे आणि मागे भिंतीवर सावल्या. पण माणूस सुटायचं नाही.

आता मामांच्या जागी कोऑर्डिनेटर आला, कानात वायर घातलेला. त्याच्याकडे यादी असते, पण ती एन्ट्रीची, धुराची, फटाक्यांची आणि ड्रोनची. पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 41 मिनिटांचा, प्रत्यक्षात अक्षता पडतात दोनच्या सुमारास. ज्यांना शुगर आहे ती म्हातारी माणसं तोवर थांबू शकत नाहीत, त्यांची ताटं आधीच वाढली जातात. मग स्टेजवर पाकिटांची रांग. मग दोघांचं 'कपल शूट'. "आता फॅमिलीचे घेऊ" म्हणून माईकवर पुकारतात तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि आजी-आजोबा रिक्षात बसून घरी पोचलेले. मुद्दाम कुणी त्यांना वगळत नाही. वेळापत्रकातूनच ते गळतात.

मुलांना दोष देत नाही. पैसे ती देतात, हौस त्यांची. माझ्या ड्रोनचे हप्ते त्याच हौसेवर फिटले. प्री-वेडिंगला एका जोडीला द्राक्षबागच पाहिजे होती, घड लटकलेले दिसले पाहिजेत. पहाटे निघून बागेत पोचलो तर प्रत्येक घड वर्तमानपत्रात गुंडाळलेला! थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून शेतकरी कागद लावतात, हे नाशकात जन्मून त्या दोघांना ठाऊक नव्हतं. पंधरा-वीस घडांचे कागद शेतकऱ्यानं हसतहसत काढून दिले. फोटो छान आले. अशी कामं मला आवडतात, खोटं कशाला सांगू?

पण एक गोष्ट सलते, आणि ती माझ्याच हातून झालेली आहे. इंदिरानगरच्या एका लग्नात अंतरपाट धरला होता. मी अगदी पुढ्यात, एक गुडघा टेकून. नवरीच्या डोळ्यांवर फोकस आणि फ्रेमच्या कडेला सारखं एक लुगड्याचं टोक. मी मान न वळवता म्हणालो, "आजी, जरा मागं सरका, शॉट चाललाय." त्या सरकल्या. पुढं एडिटिंगला बसलो तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत त्या दिसल्या, स्पीकरच्या खोक्यामागे. मुलीची सख्खी आजी. 'सावधान' झालं, सगळीकडून अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली. त्यांची मूठ तशीच. समोर आम्ही चौघं कॅमेरेवाले पाठी करून उभे, टाकायच्या कुठून? थोड्या वेळानं त्यांनी त्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या. एवढं सगळं रेकॉर्ड झालंय. ग्राहकाला दिलेल्या फिल्ममध्ये मी ते घेतलं नाही.

तेव्हापासून मंगलाष्टकांना मी आणि माझ्या हाताखालची मुलं स्टेजच्या खाली उतरतो, दोन्ही कोपऱ्यांना. लांबची लेन्स त्याचसाठी असते. 'क्लोजअप कमी आले' अशी तक्रार दोघातिघांनी केली. असू दे.

आता तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू होईल. पुढे सिंहस्थ, त्या काळात घरात कार्य नको म्हणणारी मंडळी आत्ताच उरकायच्या घाईत आहेत, त्यामुळे एकेका तारखेला दोन-दोन लग्नं मागे लागली आहेत. वर-वधूंच्या घरच्यांना आपल्या पत्रातून एवढंच सांगायचं आहे की, वडीलधाऱ्यांचे फोटो सकाळीच उरकून घ्या, सीमंतपूजन झालं की लगेच. तेव्हा उजेड मऊ असतो. दुपारी मांडवाच्या रंगीत कापडातून ऊन उतरतं आणि चेहरे हिरवे-गुलाबी पडतात, ते मागाहून कितीही दुरुस्त केले तरी माणूस आजारी दिसतो. चार खुर्च्या लागतात आणि वीस मिनिटं. चष्म्याच्या काड्या कानावरून बोटभर वर उचलल्या की काचेवर चमक येत नाही, पण ते मी बघेन. तुम्ही फक्त नावं लिहून द्या, साध्या कागदावर, आणि सगळ्यांना ओळखणारा एक माणूस माझ्याबरोबर ठेवा. याचे वेगळे पैसे मी लावत नाही.

आणखी एक. रोलच्या काळातल्या माझ्या निगेटिव्ह सराफ बाजाराजवळच्या गाळ्यात होत्या. 2008 च्या महापुरात त्या भिजून एकमेकींना चिकटल्या, बऱ्याचशा टाकाव्या लागल्या. त्यानंतरच्या लग्नांच्या डिस्क मात्र जपून आहेत. माझ्याकडून काम करून घेतलेल्या घरांनी आपली माणसं त्यात बघायला जरूर यावं. दिवसा या, चहा घेऊ. रात्री अकराच्या फोनची वाट बघू नका.

आपला,
एक लग्नाचा फोटोग्राफर,
पंचवटी, नाशिक