पापलेटला शिंग बसवून देणाऱ्या काकाजींना

काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या पोळ्याच्या, दिवशी दुपारी चितार ओळीकडून बडकस चौकाकडे जाताना, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली तुम्ही आवराआवर करत होतात आणि समोर सहा वर्षांची एक मुलगी नाक ओढत उभी होती. तिची आई मी. आठवलं नाही तर पुढची खूण सांगते, मग नक्की आठवेल: बैलाचं नाव पापलेट.

मी मूळची चिपळूणची. बँकेच्या बदलीने दोन वर्षांपूर्वी नागपुरात आले, तीही मे महिन्यात, ऐन नवतपात, म्हणजे इथल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत. नवरा पनवेलला नोकरीत, सुट्टी मिळाली की येतो. आमच्याकडे पोळा असा नाहीच. बैलाला नैवेद्य असतो, पण लाकडाचा बैल दोरीने ओढत लेकरं गल्लीभर फिरतात, झडत्या म्हणजे पोळ्याची तुकबंदी म्हणतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने पैसे-खाऊ, मागतात, हे मी इथे येईपर्यंत ऐकलंही नव्हतं. पहिल्या वर्षी मुलीने गॅलरीतून नुसतं पाहिलं. यंदा जून महिन्यापासून तिचा एकच घोष होता, "माझा बैल कधी?"

तर मी काय केलं? तीन आठवडे आधी ऑनलाइन 'लाकडी नंदी' मागवला. फोटोत चांगला ऐटदार होता. पोळ्याच्या दिवशी खोका आला. त्यातून कागदाचे बोळेच बोळे निघाले आणि तळाशी फळ्यावरच्या खडूएवढा बैल, वर किल्ल्या अडकवायची कडी. चाकं चित्रातली. परत करायला फोन केला तर पलीकडून एक यंत्र बाई होऊन बोलत राहिली.

त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तान्ह्या पोळ्याची यादी आली. कोणाचा बैल कितवा, कोणाला कोणता पोशाख, बक्षिसं किती. तिच्यात माझ्या मुलीचं नाव नव्हतं. वर्गणीचे अकराशे रुपये माझ्याकडून जुलैतच नेले होते, पावतीसकट. विचारायला खाली गेले तर सेक्रेटरी अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, यादी फ्लॅट ज्यांचे आहेत त्यांच्या मुलांची आहे. तुम्ही पाहायला या ना. पाहायला काही हरकत नाही."

पाहायला हरकत नाही! काकाजी, माणूस शिवी विसरतो, हे असलं विसरत नाही. भाडेकरूचा कचरा उचलायला घंटागाडी वेगळी येत नाही, लिफ्ट मध्येच अडकते तेव्हा तीही सातबारा बघून अडकत नाही. असो. हे पत्र त्यांच्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन मेट्रोने चितार ओळी चौक स्टेशनला उतरले. बैल मिळेल तर तिकडेच मिळेल, असं बँकेतल्या शिपाईमामांनी सांगितलं होतं. त्या दिवशी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक, असते हे सांगायला ते विसरले. किंवा नागपूरच्या माणसाला ते सांगावं लागेल असं वाटलंच नसेल. खाली उतरलो आणि माणसांच्या पुरात सापडलो. ढोल, डफ, नाचणारी पोरं आणि गर्दीच्या वरून हलत येणारी ती प्रचंड बाई. १८८१ पासून काळी मारबत निघते आणि १८८५ पासून पिवळी, असं तिथे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझ्या कानात ओरडून सांगितलं. काळीची गोष्टही त्यांनीच सांगितली. भोसल्यांच्या घरातल्या बांकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याचा राग लोकांनी असा पुतळा करून काढला. मागून बडगे येत होते. त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जो जो विषय तापलेला असतो, त्याचा त्याचा पुतळा. महागाई होती, खड्डे होते, आणखी बरंच काही होतं. आणि सगळे मिळून ओरडत होते, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" कोणी ढेकूण देत होतं न्यायला, कोणी खोकला.

माझी मुलगी माझ्या खांद्यावर बसून हे बघत होती. तिने वाकून विचारलं, "आई, ही काहीपण नेते का?" मी हो म्हटलं. त्यावर ती जिवाच्या आकांताने किंचाळली, "सेक्रेटरीकाका घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूची चारसहा पोरं खदखदून हसली आणि त्यांनीही ते उचललं. मी तिला गप्प केलं नाही. आई म्हणून करायला हवं होतं, मान्य आहे.

गर्दी पांगेपर्यंत दोन वाजून गेले. बैलवाल्यांकडे गेलो तर सगळीकडे रिकाम्या फळ्या. उरलेले म्हणजे कमरेएवढे मोठाले, किंमत हजारांत. एकाने तर मान वर न करता सांगितलं, "बाई, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बैल घ्यायला येतं का कोणी?" बरोबरच होतं त्याचं. पण मुलीच्या डोळ्यात पाणी आलं ते तिथे.

मग तुम्ही दिसलात. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलंत. "काऊन रडते जी पोरगी?" मी सांगायला सुरुवात केली, तुम्ही मध्येच हात वर केलात. "सकाळीच गेले सगळे. एक हाय. शिंग तुटलं म्हून बाजूले ठेवला."

पोत्याखालून तो बैल काढलात. वीतभर उंचीचा, पांढरा, गळ्यात रंगवलेली घुंगरमाळ, एक शिंग लाल आणि दुसऱ्याच्या जागी नुसतं भोक. "थांबता का पाच मिनिटं?" पाच मिनिटं म्हणालात, लागली चांगली पंचवीस. बांधून ठेवलेली पिशवी परत सोडलीत. ढलप्यांच्या ढिगातून एक तुकडा निवडला, टाकून दिला, दुसरा निवडला. पटाशीने तो तासताना तुम्ही दर थोड्या वेळाने जुन्या शिंगाशेजारी धरून बघत होतात, वाक तसाच येतो का ते. मी मनात म्हणत होते, अहो, कसंही चालेल. तुम्हाला कसंही चालत नव्हतं. मग काचपेपर, मग गोंद, मग बारीकशी पाचर. रंगाचे डबे गाडीत गेलेले. नवं शिंग उघडंबोडकं दिसत होतं. तुम्ही सकाळच्या पूजेच्या ताटलीतली हळद बोटावर घेतलीत आणि शिंगाला चोळलीत. वरून टोकापर्यंत, दोनदा. एक शिंग लाल, एक पिवळं.

पैसे विचारले. अडीचशे म्हणालात, अडीचशेच घेतलेत. मला तेही फार आवडलं. फुकट दिला असतात तर आम्ही बिचारे झालो असतो आणि हे पत्र मी लिहिलं नसतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. आम्ही निघालो तेव्हा तुम्ही "थांब गं" म्हणालात आणि गुडघे धरत, कण्हत, तिच्यासमोर उकिडवे बसलात. "नाव काय तुह्या बैलाचं? बिना नावाचा बैल पोळ्यात नेत नाही."

आजूबाजूच्या जगातले सगळे बैल राजा, सर्जा, ढवळ्या. माझी मुलगी म्हणाली, "पापलेट."

मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही हसला नाहीत. क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "पापलेट. बरं हाय." मग खिशातून दहाचं एक नाणं आणि एकाचं एक काढून तिच्या तळहातावर ठेवलंत आणि तिची बोटं मिटवलीत. "माह्या इथून निघून राहिला न बैल? मंग पहिला बोजारा माहाच."

काकाजी, त्या अकरा रुपयांचं मी काय सांगू! वर्गणीचे अकराशे देऊन आम्ही बघे होतो. तुमचे अकरा रुपये घेऊन ती पोळ्यातली झाली. तिला त्यातलं काहीच कळलं नाही, ती नाणी मोजत होती. मला कळलं आणि मी तिथून घाईघाईने निघाले, कारण रस्त्यात रडण्याची मला सवय नाही. तुम्हाला नीट 'येते' असंही म्हटलं नाही. नाव विचारायचं राहिलं ते त्यामुळे.

सोसायटीत न्यायचं नाही म्हटल्यावर कुठे जायचं, तेही तुम्हीच पटाशीने हवेत गल्ल्या काढून सांगितलं होतंत. मारुतीचं देऊळ सापडलं. समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली बैलांची रांग, काही तळहाताएवढे, काही मुलांपेक्षा उंच. धोतर नेसलेले, मिशा काढलेले चार-पाच वर्षांचे शेतकरी. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी मुलांसाठी हा पोळा सुरू केला असं इथे सांगतात, म्हणजे दोनशे वर्षांची गोष्ट. आणि दोनशे वर्षं चाललेल्या त्या रांगेत आम्ही उशिरा, घामाघूम, फ्रॉकवर उभ्या. एका बाईंनी विचारलं, "कुठून आल्या?" मी चिपळूण म्हणणार होते, तोंडातून निघालं, "हिंगणा रोड." "लांबून आल्या जी," असं म्हणून त्यांनी आपल्या नातवाला सरकवलं आणि पापलेटला जागा केली. फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, कोणी विचारलं नाही. झडती सुरू झाली. एक मुलगा ओरडायचा आणि शेवटी सगळे, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!" तिसऱ्या झडतीला माझ्या मुलीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. तोरण तुटलं, पोळा फुटला आणि खडखड करत सगळे बैल पळाले.

सत्तावीस घरं फिरली ती. बोजाऱ्याचे एकशे बेचाळीस रुपये, एक सफरचंद आणि पाच चॉकलेटं झाली. तुमचे अकरा त्यात मिसळू दिलेले नाहीत. ते वेगळ्या डबीत आहेत.

खरं सांगायचं तर या गावाने मला आधी बराच त्रास दिला. उन्हाने पहिल्याच आठवड्यात झोपवलं. आमच्या कोकणात घामाने जीव जातो, इथे घाम यायच्या आधीच वाळतो. भाजीवालीकडे कोथिंबीर मागितली तर ती माझ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "सांभार पाहिजे का?" मला वाटलं, इडलीबरोबरचं. शेंगदाण्याला फल्ली म्हणायचं, कूलरच्या ताट्या एप्रिल लागायच्या आधी बदलायच्या, नाहीतर मिस्त्री महिनाभर फिरकत नाही, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा, हे सगळं मी धक्के खात शिकले. तर्री पोह्यांवर पहिल्यांदा कट ओतला तेव्हा डोळ्यांतून जे आलं ते आनंदाश्रू नव्हते. आता रविवारी तो नसला तर चुकल्यासारखं होतं. मृग बहाराची, म्हणजे हंगामात नंतर येणारी, संत्री येईपर्यंत ती घ्यायची घाई करायची नाही, हेही आता मला कळतं आणि नवीन बदलून आलेल्यांना मी ते शहाणपणाने सांगते. पण हे सगळं दुकानात, टपरीवर, पैसे देऊन मिळालेलं नागपूर. तुम्ही दिलंत ते निराळं.

गणपतीच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन तुमच्या जागेवर आले होते. तिथे कागदी फुलं आणि मखरं विकणारा एक तरुण बसला होता. "ते तर गेले जी," तो म्हणाला. "आता पुढच्या पोळ्यालेच येतीन." कुठे राहता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पेढे त्याला दिले. पण सांगायचं ते आत तसंच अडकून राहिलं, म्हणून हा उघडा कागद. तुमचा एखादा नातू, भाचा, शेजारी हे वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल, अशी आशा आहे. उकिडवे बसून मुलीला पहिला बोजारा देणारे, हळदीने शिंग रंगवणारे सुतारकाका कोणाच्या ओळखीचे असतील तर एवढं करा.

आणि हो, सेक्रेटरींनी पापलेटला लिफ्टमध्ये पाहिलं. "अरे वा, छान आहे, कुठून आणला?" मुलीने बैल पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "पाहायला हरकत नाही."

हळद आता फिकी पडली आहे. ती दुसरा रंग लावू देत नाही. मागचं उजवं चाक थोडं घासतं, कुईकुई आवाज येतो. तेल सोडते म्हटलं तर तेही नको म्हणते, नाहीतर तो आलेला कसा कळणार? पुढच्या पोळ्याला घेऊन येते, दोन दिवस आधी. एकदा बघून ठेवा.

तुमची,
पापलेटवालीची आई