कोर्स मेंदूचा, पोरं अडकतात इन्स्टॉलेशनमध्ये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी प्राणिशास्त्राच्या मुलांना शिकवते. यंदा आमच्या ११ मुलामुलींनी मिळून कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचा एक ऑनलाईन कोर्स घेतला, म्हणजे मेंदूतल्या पेशी सिग्नल कसा देतात ते गणितात मांडायचं आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. पोरं हुशार, विषयाची आवड, फी भरलेली, आणि तरी पहिल्या दोन आठवड्यांत चौघांनी कोर्स सोडला. कारण विचारलं तर गणिताचं नाव कोणीच काढलं नाही, सगळ्यांचं एकच, मॅडम, पायथन नीट बसतच नाहीये. मला ते फार लागलं म्हणून हे पत्र.

कोर्सच्या सूचनांमध्ये एवढंच होतं की पायथन आणि त्याची पॅकेजं, म्हणजे नमपाय (आकडेमोडीसाठी), मॅटप्लॉटलिब (ग्राफसाठी) आणि ब्रायन टू टाकून घ्या. ब्रायन टू हे न्यूरॉनचं सिम्युलेशन करायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे, समीकरणं जवळजवळ वहीत लिहितो तशीच लिहिता येतात. पण ते टाकायचं कसं, कुठे, कुठल्या व्हर्जनचं, अडलं तर काय करायचं, काही नाही.

एका मुलीचा लॅपटॉप घेऊन मी एक अख्खी दुपार बसले. तिने पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकायच्या प्रोग्रॅमने, ब्रायन टू टाकलं होतं, सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं आलेलंही दिसत होतं, आणि ज्युपिटर (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायची वही) उघडून इम्पोर्ट केलं की एरर, नो मॉड्यूल नेम्ड ब्रायन टू. चार वेळा काढून परत टाकलेलं बिचारीने. शेवटी लक्षात आलं की त्या लॅपटॉपवर तीन पायथन आहेत, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेलं, एक पायथनच्या साईटवरून घेतलेलं आणि एक अ‍ॅनाकोंडाबरोबरचं (पायथन आणि पॅकेजं एकत्र देणारा संच), पिप एकात टाकतंय आणि ज्युपिटर दुसऱ्यातच शोधतंय. ज्युपिटरमध्ये सिस डॉट एक्झिक्युटेबल छापून बघितलं की आपण कुठल्या पायथनमध्ये बसलोय ते एका ओळीत कळतं. ही एक ओळ तिला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर तिचे सहा दिवस वाचले असते.

दुसऱ्या एका मुलाने विंडोजमध्ये युजरचं नाव हौसेने मराठीत ठेवलंय, त्यामुळे त्याचं होम फोल्डरच देवनागरीत. अ‍ॅनाकोंडावाले सांगतात की ज्या फोल्डरच्या नावात स्पेस किंवा इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं असतील तिथे टाकू नका. पण हे पहिल्यांदा कॉम्प्युटर हातात घेतलेल्या पोराला कुठून माहीत असणार, त्याला वाटलं आपला लॅपटॉपच बिघडला. सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचं साधं फोल्डर केलं, त्यात टाकलं, पहिल्या झटक्यात चाललं.

आणि तिसरी गोष्ट, मशीनवर सी प्लस प्लसचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) नसला तर ब्रायन टू एक वॉर्निंग देतं आणि नमपायवर चालायला लागतं, थोडं हळू चालतं एवढंच. पण वॉर्निंग बघून दोघांनी विंडोच बंद केली, म्हणजे प्रोग्रॅम चालत होता आणि पोरं म्हणत होती फेल झाला. शिवाय कोर्समधला काही कोड जुना. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, त्याच्या आधीच्या व्हर्जनपासूनच जुनी काही नावं काढून टाकत आलेत, मग दोन-चार वर्षांपूर्वी लिहिलेला कोड आजच्या नमपायवर मोडतो आणि मुलांना वाटतं चूक आपलीच.

याला उपाय आहेत आणि पैसेही लागत नाहीत. कोर्स देणाऱ्यांनी एन्व्हायर्नमेंटची एक फाईल द्यावी, त्यात प्रत्येक पॅकेजचं व्हर्जन लिहिलेलं असतं, अ‍ॅनाकोंडातल्या कोंडा या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमला ती फाईल दिली की सगळ्यांच्या मशीनवर तीच व्हर्जनं बसतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या, हाच विषय ऑनलाईन शिकवणाऱ्या न्यूरोमॅच अ‍ॅकॅडमीने तर धडेच गुगल कोलॅबवर, म्हणजे गुगलच्याच कॉम्प्युटरवर, चालतील असे केलेत, ब्राउझर उघडला की काम सुरू, इन्स्टॉलची कटकट नाही, ४ जीबी रॅमचा लॅपटॉपही चालतो. फक्त आमच्याकडे लाईट गेली की नेट जातं, सेशन तुटतं, आणि फाईल गुगल ड्राइव्हवर ठेवली नसेल तर तीही जाते, म्हणून दोन्ही सोयी हव्यात, कोलॅबही आणि पेनड्राइव्हवर ऑफलाईन इन्स्टॉलरही.

कोणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीसाठी पेपरात पत्र कशाला. तर बघा, हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर काम करून १९५२ साली पेशीत सिग्नल कसा उठतो त्याची जी समीकरणं मांडली, ज्यासाठी १९६३ चं नोबेल मिळालं, ती सोडवायच्या वेळी केंब्रिजचा कॉम्प्युटर मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता आणि हक्सलींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली, त्यात आठवडे गेले. तीच समीकरणं आमची ती विद्यार्थिनी तिच्या जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालवते. पेशीला दिलेला करंट वाढवत नेला आणि उणे ६५ मिलिव्होल्टवर शांत पडलेली व्होल्टेजची रेघ एकदम वर उसळली, मग परत, मग परत, तेव्हा ती जागेवरून उठून उभीच राहिली. तो क्षण त्या चौघांच्या वाट्याला आला नाही याचं मला वाईट वाटतं. आपल्याच देशात बंगलोरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या गटाने मूज नावाचा सिम्युलेटर बनवलाय, म्हणजे हे काम इथे होतंय, आमच्या पोरांना त्या दारापर्यंत नीट पोचू तरी द्या.

विद्यापीठांना आणि ऑनलाईन कोर्स चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ज्या कोर्समध्ये कोड आहे त्याचे पहिले दोन तास फक्त सेटअपसाठी ठेवा, वेळापत्रकात तसं लिहा, आणि त्या दोन तासांत प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक तरी ग्राफ आल्याशिवाय पुढचा धडा सुरू करू नका. सूचना मराठीतही द्या, एरर जशी येते तशी छापून त्याच्याखाली काय करायचं ते लिहा. आम्ही विभागात अशी चार पानं तयार केली आहेत, आणि सोडून गेलेल्या चौघांपैकी दोघं शनिवारी लॅपटॉप घेऊन परत येणार आहेत.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, जि. सातारा